दहाच्या दहा बोटं

किम आजोबा मंगळवारी ॲन आर्बरला पोचले आणि शुक्रवारपर्यंत पोटच्या पोरीशी एक शब्द बोलले नाहीत. म्हणजे तोंड बंद होतं असं नाही. भरपूर बोलत होते, पण माझ्याशी. आणि मला जपानी ओ की ठो येत नाही!

पण असं मधूनच सुरू केलं तर कुणाला काही कळायचं नाही. पहिल्यापासून सांगते.

इथे अमेरिकेत, युनिव्हर्सिटीच्या फॅमिली हाउसिंगमध्ये आमचं घर आणि सुन-जा मावशीचं घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे, तीही इतकी पातळ की बाबा शिंकले तर पलीकडून 'ब्लेस यू' येतं. मावशी सोशल वर्क शिकते. आम्ही नागपूरहून आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि ओळखीच्या प्रत्येक बाईला मावशी म्हणायचे, तशी तिलाही म्हटलं. याचा अर्थ काय, असं तिनं विचारलं. आईची बहीण, मी म्हटलं. तर ती इतकी खूश झाली! त्यांच्याकडेही 'ईमो' म्हणजे आईची बहीण, आणि तेही कुणालाही म्हणतात, शेजारणीला, खानावळवालीला. तेव्हापासून ती माझी मावशी आणि आईची हक्काची कांदे चिरणारी.

ती कोरियन आहे. त्यामुळे ती कोरियाची असणार असं आईनं धरून ठेवलं होतं.

"नाही हो, मी ओसाकाची," मावशी म्हणाली. "माझे बाबासुद्धा ओसाकालाच जन्मले. माझे आजोबा कोरियातून जपानला आले, तेव्हा कोरियावर जपानचं राज्य होतं."

"म्हणजे तुम्ही जपानीच झालात की."

"हे तुम्ही म्हणता. जपानचं सरकार नाही म्हणत. आम्ही तिथे तीन पिढ्यांचे परदेशी."

आई विळीवरून उठली आणि तिला म्हणाली, "बस, चहा घे." आईला एखादी गोष्ट फार पटली की ती चहाच करते.

आता माझ्याबद्दल थोडं. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात स्वतःचं नाव सांगतानासुद्धा बुटांकडे बघायचे. संघमित्रा म्हणताना टीचरची जीभ तीनदा अडखळायची आणि अख्खा वर्ग वळून बघायचा. मावशीनं तर त्याचं सरळ 'मित्रा' करून टाकलंय. मग हायस्कूल सुरू झालं, मी डिबेट टीममध्ये गेले आणि काय सांगू, मला कळलं की मला भांडता येतं! तेही टायमर लावून, मुद्द्यांसकट. आता टीचर अडखळले तर मीच म्हणते, "घाई नाही, पुन्हा ट्राय करा." बाबा म्हणतात, पोट्टीच्या तोंडाला आता फाटक राहिलं नाही.

तर अशा माझ्या हातात सप्टेंबरमध्ये बाबांनी ग्रीन कार्डाच्या कागदांतलं एक पान दिलं. चौदा वर्षांच्या वरच्या प्रत्येकानं बोटांचे ठसे द्यायचे. मला ऑगस्टमध्येच चौदा पूर्ण झाली होती. मला तर मजाच वाटली. संध्याकाळी मावशीकडे नूडल्स खाताना मी नाचवत नाचवत सांगितलं, "मी आता ऑफिशियली मोठी झाले. माझे फिंगरप्रिंट्स घेणार आहेत!"

मावशीनं चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

"किती वर्षांची झालीस?"

"चौदा."

"मीही चौदाचीच होते," ती म्हणाली, आणि डाव्या हाताची तर्जनी माझ्यासमोर धरली. "हे बोट."

मग तिनं सगळं सांगितलं. शाळेत तिच्या बाकावर एक जपानी मुलगी बसायची, दोघींचे वाढदिवस एकाच आठवड्यात. चौदा पूर्ण झाली तेव्हा त्या मुलीला सायकल मिळाली आणि मावशीला वॉर्ड ऑफिसचं बोलावणं. काळी शाई, बोट एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवायचं. मग एक कार्ड मिळतं, ते सतत जवळ ठेवायचं. नाही ठेवलं तर गुन्हा. काही वर्षांनी पुन्हा बोलावणं, पुन्हा ठसा, जणू मधल्या काळात बोट बदललं असेल! चोराचे घेतात तसे ठसे, आणि जन्मल्या गावातच.

"मग सात वर्षांपूर्वी, १९८५ साली, मी नाही म्हटलं," मावशी म्हणाली. "काउंटरवरचा माणूस बिचारा घाबरला. त्यानं शाईचा डबा माझ्याकडे सरकवला, मी त्याच्याकडे सरकवला. असं तीन-चारदा झालं. त्या वर्षी हजारो लोकांनी नाही म्हटलं."

"वॉव! मग?"

"मग पेपरात नावं आली. माझं खरं नाव आलं, किम सुन-जा. आमच्या बाबांची चपलांची छोटी वर्कशॉप आहे. तिथे आम्ही जपानी नाव लावायचो, कानेमोतो. गिऱ्हाइकांना माहीतच नव्हतं की आम्ही किम."

हे मला लगेच कळलं. सांता क्लाराचे आमचे राकेश काका आडनावाच्या जागी नुसतं 'कुमार' लावतात. कारण आडनाव सांगितलं की आपल्या लोकांच्या पार्ट्यांमध्ये पुढचा प्रश्न ठरलेला असतो, 'म्हणजे मूळचे कोण तुम्ही?'

"बरीच गिऱ्हाइकं तुटली," मावशी म्हणाली. "बाबा मला म्हणाले, जा, ठसा देऊन ये. मी नाही म्हटलं. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलले नाहीत. पुढे मला इथे शिकायला यायचं होतं. पण ज्यांनी नकार दिला त्यांना परत यायचा परवाना देत नव्हते. परवान्याशिवाय देश सोडला की तिथे राहायचा हक्क संपला. तरी मी आले."

"म्हणजे तुला घरी जाता येत नाही?"

"पाहुणी म्हणून जाता येईल, व्हिसा मिळाला तर. स्वतःच्या गल्लीत टूरिस्ट."

मी तिथल्या तिथे उभी राहिले. "मी पण नाही देणार ठसे!"

"बस खाली. नूडल्स गार होतायत."

पण माझ्या अंगात संचारलं होतं. रात्रीच्या जेवणाला मी घोषणा केली. आई म्हणाली, "अगं बाई!" बाबा भाताचं आळं करत बसले. मग एकदम म्हणाले, "माझे आबा मिलमध्ये पगाराला अंगठा लावायचे. मी सातवीत असताना त्यांना सही शिकवली. महिनाभर पाटीवर गिरवत होते. ज्या दिवशी पहिल्यांदा सही करून पगार घेतला, त्या दिवशी आख्ख्या चाळीला पेढे वाटले त्यांनी. आणि मी पीएच.डी. करून इथे दहा बोटं काळी करणार."

"मग तुम्हीपण नका देऊ! आपण तिघंही नको देऊ या!"

"आणि परत जाऊ?" बाबा म्हणाले. "शहाणी आहेस. भात वाढ."

शेवटी निकाल मावशीनंच लावला. तिला वाटलं होतं त्याहून मी सीरियस आहे हे कळल्यावर तिनं मला जिन्यावर बसवलं आणि म्हणाली, "माझी कॉपी करायचं सोड. तुझा मुद्दा काय आहे? डिबेटमध्ये विचारतात तसं विचारतेय."

"की... की ठसे घेणं अपमानाचं आहे."

"आहे. पण मी माझ्याच घरात होते, मित्रा. मला कुठे शिरायचं नव्हतं. तू दार वाजवते आहेस. दार वाजवणाऱ्याला नाव-गाव विचारतात. ते बरं की वाईट ते तू मोठी झाल्यावर ठरव, पण ते आणि हे एक नाही. शिवाय तुझ्या नाहीमुळे तुझ्या आईबाबांचं कार्ड अडकेल. माझ्या नाहीचं काय झालं ते सांगितलं ना तुला?"

डिबेटमध्ये मुद्दा हरला की तडजोड मांडायची असते. मी मांडली. ठसे देईन, पण शाई धुणार नाही. निषेध म्हणून. मावशी हसून हसून जिन्यावर आडवी झाली.

आणि याच सगळ्या गडबडीत तिच्या आईचा ओसाकाहून फोन आला की बाबा येतायत.

त्यांना साठ पूर्ण होणार होती. कोरियन लोकांत साठीचं फार महत्त्व. ह्वानगाप म्हणतात. मुलांनी एकेक करून जमिनीला कपाळ टेकवून वाकायचं, पेला भरून द्यायचा आणि बापानं आशीर्वाद द्यायचा. मुलगी घरी येऊ शकत नाही, तर बापानं तिकडे जावं, असं मावशीच्या आईनं ठरवलं. तिच्या स्वतःच्या गुडघ्यांना विमान झेपणार नव्हतं. "ढकललंच मी त्यांना," ती फोनवर म्हणाली म्हणे. रविवारी दुपारी मावशीच्या घरी बारा-पंधरा लोक जेवायला यायचे होते.

"मला कसली भीती वाटते सांगू?" मावशी कांदे चिरता चिरता आईला म्हणाली. "सगळ्यांसमोर मी वाकेन आणि बाबा भिंतीकडे बघत राहतील. आशीर्वाद द्यायचा तर तोंड उघडावं लागतं ना."

"रविवारपर्यंत उघडेल," आई म्हणाली. पण दुसरा कांदा तिनं मावशीच्या हातातून काढून घेतला.

आणि मग आले आजोबा. बुटके, ताठ, केस पांढरे आणि भुवया काळ्या कुळकुळीत. पहिल्याच दिवशी मी शाळेतून परस्पर तिकडे गेले, तेव्हा ते माझ्याकडे बघून लांबलचक काहीतरी बोलले. मी मावशीकडे बघितलं.

"ते तुला सांगतायत," मावशी सिंकपाशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, "की त्या मुलीला सांग, सूप खारट झालंय."

"कुठल्या मुलीला?"

"मला."

"मग तू ऐकलंस की!"

"हो. पण त्यांनी तुला सांगितलं. आता तू त्यांना सांग, की ती म्हणते पाणी घाला."

मी सांगितलं, मराठीत. काय फरक पडत होता? आजोबांनी मान डोलावली आणि पाणी घातलं.

असं तीन दिवस चाललं. सांग तिला, खोलीत गार आहे. सांग त्यांना, हीटर त्यांच्याच हाताशी आहे. मी अशी टपाल खात्यासारखी मध्ये, आणि पत्रं मात्र माझ्या डोक्यावरून जाणारी! घरी येऊन सांगितलं तर आईला जराही आश्चर्य वाटलं नाही. म्हणाली, "माझे आईबाबा एक अख्खा उन्हाळा असेच बोलले. मध्ये मांजर होतं. बाबा मांजराला सांगायचे, तुझ्या मालकिणीला म्हणावं, चहा दे."

"मग कसं मिटलं?"

"मांजर पळून गेलं."

मला हे अजिबात आवडलं नाही.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर बाबा आणि आई मला पोलीस स्टेशनला घेऊन गेले. एक गलेलठ्ठ, गोड ऑफिसर होती. "हात सैल सोड, हनी, काम मला करू दे," असं म्हणून तिनं माझं एकेक बोट शाईवरून फिरवून कार्डावर लोळवलं. अंगठा, तर्जनी, मधलं, सगळी दहाच्या दहा. मला खरं तर गुदगुल्या झाल्या. बाबांची पाळी आली तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते. ठसे झाल्यावर त्याच कार्डावर सही करायची होती. ती बाबांनी इतकी सावकाश आणि इतकी सुरेख केली, की ऑफिसर म्हणाली, "वा, काय सही आहे!" बाबा म्हणाले, "वडिलांनाही मीच शिकवली." तिला काही कळलं नाही, पण आई हसली.

मग तिनं हात पुसायला ओले रुमाल दिले. मी ताठ मानेनं म्हटलं, "नो, थँक यू."

निषेध करणं किती कटकटीचं असतं हे कुणी सांगत नाही. गाडीचं हँडल काळं झालं, फ्रिजचं दार काळं झालं, माझ्या बायोलॉजीच्या वहीवर तर गुन्हा घडल्यासारखं दिसत होतं. आई मागे मागे फडकं घेऊन फिरत होती.

"किती दिवस आहे हा तुझा सत्याग्रह?"

"ठरवलं नाही."

"मग हे ठरव. जेवणार कशी?"

"चमच्यानं."

"आणि तो चमचा घासणार कोण?"

मी डबा उचलून पळाले. आईनं पाटवडीचा रस्सा केला होता. आजोबांना तो मंगळवारीच फार आवडला होता. 'सांग तिला, या देशात हे एकच जेवण जेवणासारखं आहे,' असा निरोप माझ्यामार्फत मावशीला गेला होता, आणि ती दिवसभर फुरंगटून बसली होती.

दार आजोबांनीच उघडलं. मी डबा पुढे केला. त्यांनी डबा बघितला, वास घेतला, हसणार तेवढ्यात त्यांची नजर माझ्या बोटांवर गेली.

हसू गेलं ते गेलंच. त्यांनी डबा घेऊन जमिनीवर ठेवला, माझं मनगट धरलं आणि हात उजेडाकडे वळवला. मग दुसरा हात. मग मला काहीतरी विचारलं, अगदी हळू.

आतून मावशी म्हणाली, "विचारतायत, कुणी केलं हे."

"पोलिसांनी," मी म्हटलं. "ग्रीन कार्डासाठी. सगळे देतात."

मावशीनं सांगितलं. आजोबांनी स्वतःची डावी तर्जनी वर केली, मग माझ्या बोटांकडे बघत दोन्ही पंजे पसरले, आणि आवाज एकदम चढला.

"म्हणतायत, दहा? दहाच्या दहा? आमचं तर एकच होतं! एवढ्याशा पोरीनं काय गुन्हा केला?"

"त्यांना सांग, मी चौदाची आहे, एवढीशी नाही," मी म्हटलं. पण कुणी ऐकत नव्हतं. आजोबा मला ओढतच सिंकपाशी घेऊन गेले. साबण बघितला, नाकारला. वरचं कपाट उघडलं, एक बाटली काढली, वास घेतला आणि धबाधबा माझ्या हातांवर ओतायला लागले. तिळाचं तेल! मावशी ते थेंब थेंब वापरते, शिकागोहून मागवते!

मावशी किंचाळली. तिच्याकडे ढुंकूनही न बघता आजोबा माझी बोटं चोळत राहिले, नखांच्या कडेनं, वळ्यांमधून. इतक्या सराईतपणे, की मला कळलं, हे त्यांनी आधी केलेलं आहे. तेल काळं होऊन सिंकमध्ये उतरायला लागलं. मग त्यांनी एक हात मागे पसरला आणि खेकसले.

मला त्यातला एकच शब्द कळला. "सुन-जा!"

मावशी जागच्या जागी उभी. भाषांतर करायचंही विसरली.

आजोबा मागे वळले आणि पुन्हा तेच ओरडले, तिच्या तोंडाकडे बघून. हात अजून पसरलेला. मावशीनं साखरेचा डबा उचलून त्यांच्या हातावर ठेवला. मग मला कळलं की तिखट आवाजात त्यांनी सात वर्षांनी मुलीकडे साखर मागितली होती.

तेल आणि साखर. घासलं की शाई पार जाते, हे आता मलाही माहीत आहे. मी घासून घेत होते आणि माझ्या डोक्यावरून दोघांचं सुरू झालं होतं. मावशीनं काहीतरी विचारलं, रडवेल्या आवाजात. आजोबांनी उत्तर दिलं, मान खाली, माझा अंगठा चोळत. मावशीनं नंतर मला सगळं सांगितलं, म्हणून इथे लिहिता येतंय.

ती म्हणाली होती, "माझंही बोट असंच धुतलं होतं तुम्ही, वर्कशॉपच्या नळावर. मला वाटलं, गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून धुताय."

"तुझ्या आईला दिसू नये म्हणून," ते म्हणाले होते. "ती दोन दिवस जेवली नसती."

"मग मी नाही म्हटलं तेव्हा बोलणं का टाकलंत?"

"मला पाच माणसं पोसायची होती! तू पेपरात फोटो देत फिरत होतीस!"

"फोटो मी दिला नव्हता, त्यांनी काढला!"

"हसत होतीस त्यात!"

इथून पुढे आवाज असे चढले, की मला त्यांच्यामध्ये उभं राहवेना. आजोबांनी माझे हात टॉवेलमध्ये गुंडाळून मला बाजूला सरकवलं, खुर्ची सरकवतात तसं, म्हणजे समोरासमोर भांडता येईल. मी टॉवेलसकट हळूच बाहेर पडले. दारातला डबा मात्र आत सरकवून आले, कारण भांडून भूक लागते.

घरी आले तर बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला होता आणि दोघं भिंतीकडे बघत बसले होते. पलीकडून आजोबा गरजत होते. ते वाक्यही मला पुढे मावशीनं सांगितलं. "येत्या जानेवारीपासून ठसे बंदच करतायत आपल्या लोकांचे! सात वर्षं थांबायला काय झालं होतं तुला?" आणि त्याच्या दुप्पट आवाजात मावशी, "आम्ही थांबलो नाही म्हणून बंद झाले!"

आई उठली. "अगं, भांडतायत की काय? जाऊन बघ बरं."

"हो, भांडतायत," मी म्हटलं. "एकमेकांशी! थेट! मी मध्ये नाहीये!"

आईनं भिंतीला कान लावला. भाषा कळत नव्हती, तरी बराच वेळ लक्ष देऊन ऐकलं. मग माझे हात हातात घेऊन उलटेपालटे करून बघितले आणि वास घेतला.

"चला, पानं घ्या," ती म्हणाली. "हे काही इतक्यात आटपत नाही."